उसने दागिने

संगणकीय खेळ एकट्याने किंवा दोघातिघांनी मिळून तयार करणाऱ्यांच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येते : "गेम तयार आहे, फक्त आर्ट राहिले आहे." बोलणारा बहुधा प्रोग्रामर असतो. त्याला चित्र काढता येत नाही आणि चित्रकाराला द्यायला त्याच्याजवळ पैसे नसतात. केवळ या दोन कारणांनी आपली कृती जगापुढे येता येता अडली आहे, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. ऐकणारे सहानुभूतीने माना डोलावतात. प्रस्तुत लेखकाने हे वाक्य सलग तीन वर्षे उच्चारलेले आहे. तेव्हा ते किती खोटे आहे हे सांगण्याचा थोडासा अधिकार आपल्याला पोचतो, असे त्याला वाटते.

त्या वाक्यातला 'फक्त' हा शब्द पहिला खोटा. कथेसोबतचे चित्र काढून टाकले तरी कथा उरते. खेळाचे तसे नाही. कुठे पाय ठेवता येतो, कशाला हात लावला तर मरण आहे, कोणते दार उघडणारे आहे आणि कोणते नुसतेच भिंतीवर काढलेले आहे, हे सारे खेळणाऱ्याला पडद्यावरचे चित्रच सांगत असते. त्यामुळे चित्र ही खेळाची वाक्यरचना ठरते. मागाहून चढवायची रंगरंगोटी ठरत नाही. 'कादंबरी लिहून झाली, फक्त क्रियापदे घालायची राहिली' असे कोणी म्हणाले तर आपण हसू. 'फक्त आर्ट राहिले' याला मात्र आपण हसत नाही. म्हणजेच 'तयार' हा त्या वाक्यातला दुसरा शब्दही खोटाच.

साहित्यचर्चेच्या या पानांवर खेळांचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्याचे उत्तर असे, की प्रश्न जुनाच आहे, केवळ क्षेत्र नवे आहे. साधने तोकडी असताना आशयाचे काय करावे? साठच्या दशकात सायक्लोस्टाइल करून अनियतकालिके काढणाऱ्यांपुढे हाच प्रश्न होता. आपल्या अंकाला गुळगुळीत मासिकाचे रूप देण्याचा केविलवाणा प्रयत्न त्यांनी केला नाही. फिकट शाई, वेडीवाकडी पाने हेच त्या लेखनाचे रूप झाले. एकट्या खेळकर्त्याने याहून वेगळे काही करायला हवे, असे मला वाटत नाही. तो नेमके उलट करतो, हे माझे दुःख आहे.

आधी स्वतःचा गुन्हा सांगतो. मी करीत होतो तो खेळ पाटाच्या पाण्याचा होता. खेळणारा पाटकरी. कालव्याला पाणी सुटले आहे, चाऱ्या ठरलेल्या आहेत, पाळ्या नेमून दिलेल्या आहेत; पण पाणी कमी आहे, एकाने रात्री दारे फोडले आहे आणि शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचवायचे आहे. पहिला नमुना मी चार दिवसांत केला. शेत म्हणजे चौकोन, चारी म्हणजे रेघ, पाणी म्हणजे निळा रंग. तहानलेला चौकोन पिवळा, भिजलेला हिरवा. माझे एक मामा नीरा डाव्या कालव्यावर पाटकरी होते, आता निवृत्त आहेत. त्यांना हा नमुना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, दोन मिनिटे पाहिले आणि बोट ठेवून म्हणाले, "ह्याला आधी दे. हा टेलचा हाय. ह्याच्यापस्तोर पोचलं की मग वर ये." त्यांना कोणी नियम समजावून सांगितले नव्हते. चौकोनांनी सांगितले होते.

एवढ्यावर मी थांबायला हवे होते. पण चौकोन दाखवायची मला लाज वाटली. मग मी बाजारात उतरलो. एका संचातून घरे घेतली; ती मध्ययुगीन युरोपातली, लाकडी पट्ट्यांची, उतरत्या गवती छपरांची निघाली. दुसऱ्या संचातून झाडे घेतली, त्यांत बाभूळ नव्हती. तिसऱ्यातून माणसे घेतली. मोठाल्या डोळ्यांच्या त्या जपानी धाटणीच्या चेहऱ्यांवर मी स्वतः फेटे काढले. घरांवर ऊन डावीकडून पडत होते, झाडांवर उजवीकडून, आणि माणसांना सावल्याच नव्हत्या. दीड वर्षाने हे सारे पुन्हा मामांपुढे ठेवले. त्यांनी बराच वेळ पाहिले. मग अगदी मऊ आवाजात, मला वाईट वाटू नये अशा बेताने विचारले, "पाणी कुठाय रे ह्यात?"

पाणी होते. घरांच्या आणि झाडांच्या मधून जाणारी एक बारीक, चमकणारी, अत्यंत महागडी पट्टी म्हणून ते होते.

लग्नाला जाताना शेजारणीचे दागिने मागून आणण्याची चाल आपल्याकडे आहे. त्यात गैर काही नाही. अडीनडीला माणूस उसने घेतोच. पण एकीची नथ, दुसरीचा चपलाहार आणि तिसरीच्या पाटल्या एकाच अंगावर घातल्या, की पाहणाऱ्याला नवरी दिसत नाही, उसनवारी तेवढी दिसते. चित्रांचे तयार संच वापरून केलेले बहुसंख्य खेळ असेच दिसतात. तसे दिसण्याचे कारण आपण 'पैसे नाहीत' असे सांगतो. माझे म्हणणे असे, की खरे कारण निराळे आहे. काय दिसले पाहिजे हे कोणी ठरवलेलेच नसते.

याचा पुरावा द्यायचा तर खेळांच्या इतिहासातच भरपूर सापडतो. १९८१ साली 'डाँकी काँग' या खेळासाठी शिगेरु मियामोतो यांना एक नायक काढायचा होता. जागा होती सोळा पिक्सेल रुंद, सोळा पिक्सेल उंच, आणि रंग मोजून तीन. एवढ्या जागेत केस नीट दिसेनात, म्हणून टोपी आली. तोंड काढता येईना, म्हणून मोठ्या नाकाखाली मिशी आली. धावताना हात अंगापासून वेगळे दिसावेत, म्हणून वेगळ्या रंगाचा, पट्ट्यांचा कामगारी पोशाख आला. पुढे मारिओ या नावाने जगभर ओळखला गेलेला चेहरा असा एकापाठोपाठ एक आलेल्या 'जमत नाही'मधून घडलेला आहे. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप ही एकच आकृती आहे, फक्त रंग बदललेला. संपूर्ण खेळ सुमारे चाळीस किलोबाइटांत बसवायचा होता. तो लाखो मुलांनी खेळला आणि ढग व झुडूप एकच आहेत हे फार थोड्यांच्या ध्यानात आले. कारण चित्र उधारीचे नव्हते. एकाच हाताने, एकाच हिशेबाने ते बसवलेले होते.

त्याच्याही आधी, १९८० साली, 'रोग' नावाच्या खेळात चित्र असे नव्हतेच. नायक म्हणजे ई-मेलच्या पत्त्यात येते ते 'ॲट'चे चिन्ह, राक्षस म्हणजे इंग्रजीतली मोठी अक्षरे, भिंती म्हणजे आडव्या-उभ्या रेघा. टार्न आणि झॅक ॲडम्स या दोघा भावांनी २००६ साली लोकांपुढे ठेवलेला 'ड्वॉर्फ फोर्ट्रेस' याच वंशातला. डोंगर, नद्या, राज्ये, पिढ्यान्‌पिढ्यांचा इतिहास आणि एकेका बुटक्याच्या मनातले रागलोभ हे सारे त्यात अक्षरचिन्हांनी दाखवले जात असे. अधिकृत चित्ररूप आवृत्ती आली ती थेट डिसेंबर २०२२ मध्ये. मधली सोळा वर्षे ते भाऊ 'फक्त आर्ट राहिले आहे' म्हणत बसले असते, तर चित्रे काढण्याजोगे जगच निर्माण झाले नसते.

येथे प्रतिपक्षाचा एक आक्षेप येतो आणि तो वाजवी आहे. चित्रे आल्यावर त्या खेळाला कितीतरी नवे खेळणारे मिळाले. मग चित्र महत्त्वाचे नाही असे कसे म्हणता? मी तसे म्हणतच नाही. चित्र महत्त्वाचे आहे म्हणूनच हा सगळा त्रागा आहे. मुद्दा क्रमाचा आहे. जोनाथन ब्लो यांच्या 'ब्रेड' या खेळाची हळवी, जलरंगी चित्रे अनेकांना आठवत असतील. ती डेव्हिड हेलमन या चित्रकाराची आहेत. पण २००६ साली स्वतंत्र खेळांच्या महोत्सवात रचनेतल्या नावीन्याबद्दल त्या खेळाला पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यात ती चित्रे नव्हती. कामचलाऊ आकृत्या होत्या. खेळ २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. चित्रकार आला तेव्हा त्याला काय विचारायचे हे खेळकर्त्याला ठाऊक होते. चित्रकाराला बोलावण्याची योग्य वेळ हीच. माझ्यासारखे लोक त्याला खेळ सापडत नसतो तेव्हा बोलावतात, आणि चित्रांतून तो सापडेल अशी आशा करतात.

पैसे नसलेल्या, चित्र न येणाऱ्या माणसाला मग कोणते मार्ग उरतात? मला तीन प्रामाणिक मार्ग दिसतात.

पहिला, शब्दसंग्रहच लहान करणे. माइक बिथेल यांच्या २०१२ सालच्या 'थॉमस वॉज अलोन'मध्ये सर्व पात्रे रंगीत आयत आहेत. एक उंच, एक बुटका, एक पाण्यावर तरंगणारा. त्यांना नावे आहेत, हेवेदावे आहेत, न्यूनगंड आहेत. आणि ते सारे निवेदकाच्या आवाजातून आपल्यापर्यंत पोचते. त्या निवेदनासाठी डॅनी वॉलेस यांना २०१३ मध्ये बाफ्टाचे पारितोषिक मिळाले. चार आयतांच्या जिवाला लागलेली हुरहूर खरी वाटते, कारण चित्र जेवढे सांगू शकते तेवढेच त्याच्यावर सोपवले आहे आणि उरलेले आवाजावर. हे आपल्याला अपरिचित वाटू नये. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आले. सुट्या चित्रांची पोथी, एकेक चित्र पुढे धरायचे आणि कथा गात सांगायची. चित्रातला अर्जुन हलत नाही, युद्ध करीत नाही. ते काम गाणाऱ्याच्या गळ्याचे. चित्रे मोजकी आहेत म्हणून कथा अडली, असे कोणा चित्रकथ्याने म्हटल्याचे ऐकिवात नाही.

दुसरा मार्ग, एकच कठोर नियम घालून घेणे. लुकास पोप यांचा २०१८ चा 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' संपूर्ण दोनच रंगांत आहे. जुन्या मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यावर दिसे तसे ठिपक्यांचे जग. ईस्ट इंडिया कंपनीच्या एका जहाजावरील साठ जणांचे काय झाले हे विम्याच्या तपासनिसाने शोधायचे आहे. दोन रंगांमुळे सगळे चेहरे एका पातळीवर येतात आणि खेळणाऱ्याला बारकाईने पाहावे लागते. तपासाच्या खेळाला याहून अनुरूप नियम कोणता? मात्र येथे एक इशारा द्यायला हवा. नियम कठोर असला म्हणजे काम स्वस्त होते असे नाही. पोप यांचा पहिला नमुना २०१४ चा. म्हणजे त्या दोन रंगांना चारेक वर्षे लागली. हालत्या दृश्यात ठिपके स्थिर दिसावेत यासाठीच त्यांना पुष्कळ झगडावे लागले. 'साधे दिसते म्हणजे सोपे असते' या भ्रमात कोणी या वाटेला जाऊ नये.

तिसरा मार्ग सर्वांत कमी प्रतिष्ठेचा आहे आणि म्हणून मला सर्वांत प्रिय आहे. तो म्हणजे जसे आहे तसे दाखवणे आणि काम करीत राहणे. अमेरिकेत सिॲटलला जेफ व्होगेल नावाचे गृहस्थ १९९४ पासून 'स्पायडरवेब सॉफ्टवेअर' या नावाने भूमिका-खेळ विकतात. त्यांचा 'एक्झाइल' १९९५ चा. तोच त्यांनी २००० मध्ये 'ॲव्हर्नम' म्हणून पुन्हा केला, आणि २०११ मध्ये आणखी एकदा. एका खेळातली चित्रे पुढच्या खेळात वापरताना त्यांना संकोच वाटत नाही. आपले खेळ दिसायला बेतास बात आहेत हे ते स्वतःच जाहीरपणे सांगत आले आहेत. त्यांचा वाचक (हो, वाचकच, कारण त्या खेळांत वाचायला पुष्कळ असते) गोष्टीसाठी आणि निवडींसाठी येतो. तीसहून अधिक वर्षे या धंद्यात टिकून राहण्यापेक्षा मोठा युक्तिवाद मला तरी माहीत नाही.

यावर दुसरा आक्षेप येईल : ही सारी यशस्वी माणसांची उदाहरणे झाली. एका थॉमसमागे असे शेकडो आयत असतील जे कोणी पाहिलेही नाहीत. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. नियम पाळल्याने खेळ खपतो असा दावा मी करीत नाही, आणि तसा दावा करणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवू नये. नियम पाळल्याने खेळ पूर्ण होतो आणि तो स्वतःसारखा दिसतो, एवढेच माझे म्हणणे. उसने दागिने घातलेले खेळही खपत नाहीतच; वर ते पूर्णही होत नाहीत. माझा झाला नव्हता.

मग तयार संच वापरूच नयेत काय? अवश्य वापरावेत. 'ओपन गेम आर्ट' हे संकेतस्थळ २००९ पासून आहे. केनी या नावाने नेदरलँड्समधून येणारे संच तर सर्व हक्क सोडून दिलेले आहेत आणि मुख्य म्हणजे ते एकमेकांशी जुळणारे आहेत. भांडण उसनवारीशी नाही, सरमिसळीशी आहे. एक संच घ्यावा. पिक्सेलचा आकार एकच ठेवावा. मोठ्या पिक्सेलच्या माणसाशेजारी बारीक पिक्सेलचे झाड ठेवू नये. पंधरावीस रंग निवडावेत आणि बाहेरून आलेले प्रत्येक चित्र त्याच रंगांत बुडवून काढावे. ऊन एकाच बाजूने पडू द्यावे. कडेची रेघ असेल तर सर्वांना असावी, नसेल तर कोणालाच नसावी. आणि जे यात बसत नाही ते कितीही सुंदर असले तरी फेकून द्यावे. या कशालाही चित्रकला यावी लागत नाही. संपादकाची क्रूरता तेवढी लागते.

मराठीत खेळ करणाऱ्यापुढे आणखी एक अडचण असते. इंग्रजीतला खेळकर्ता चित्रे नसतील तर अक्षरांवर भागवू शकतो. आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकटीत रोमन अक्षर सुखाने मावते. देवनागरीला शिरोरेखा हवी, तिच्या वर मात्रा आणि अनुस्वार हवा, खाली उकार हवा. जोडाक्षर आले की रुंदीचा हिशेबही कोलमडतो. त्यातून अनेक गेम-इंजिनांना देवनागरी जुळवताच येत नसे : 'किती' लिहिले की ऱ्हस्व वेलांटी आपली जागा सोडून अक्षराच्या मागे जाऊन उभी राही. 'गोडो' या मुक्त इंजिनात ही जुळणी नीट आली ती २०२३ च्या चौथ्या आवृत्तीत. मग आपले खेळकर्ते काय करीत? बटणांवर इंग्रजी लिहीत आणि मराठीपण नऊवारीवर सोपवत. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्ता'सारखा सुबक आणि विनामूल्य टंक हाताशी असताना आता तरी ही पळवाट बंद व्हावी. अक्षर हेही चित्रच आहे आणि पुष्कळदा एकट्या खेळकर्त्याला परवडणारे तेवढेच उत्तम चित्र असते. ते तरी स्वतःचे असावे.

दुसरी पळवाट वारलीची. चित्रकार नाही? दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडा, वर एक गोल ठेवा, हातपाय म्हणून रेघा मारा, झाले 'आपल्या मातीतले' आर्ट. ही वृत्ती मला उसन्या दागिन्यांपेक्षाही वाईट वाटते, कारण दागिने मागताना निदान शेजारणीला विचारलेले असते. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक उपदर्शन मिळाले आहे. जिव्या सोमा म्हसे २०१८ मध्ये गेले. त्यांच्या चित्रातले मासेमारीचे जाळे ज्याने पाहिले असेल त्याला हे 'सोपे आकार' काय करू शकतात ते ठाऊक असते. वारलीकडून शिकायचे ते तत्त्व : वर्तुळ, त्रिकोण, चौकोन आणि पांढरा रंग एवढ्यावर एक संपूर्ण जग उभे राहते, कारण प्रत्येक आकृती त्या एकाच व्याकरणात बसते. ते तत्त्व घ्यावे आणि स्वतःचे व्याकरण शोधावे. आकृत्याच हव्या असतील तर डहाणू-तलासरीकडे आजही चित्रकार आहेत; त्यांना काम द्यावे आणि दाम द्यावा.

पुण्यातल्या एका चमूने केलेला 'राजी' हा २०२० चा खेळ पाहून आमच्यातले अनेक जण हळहळतात, की आपल्याला असे का जमत नाही. तो खेळ देखणा आहे यात वाद नाही. पण त्या चमूत कलावंत पहिल्यापासून होते; चित्र हा त्या खेळाच्या कल्पनेचाच भाग होता. एकट्या प्रोग्रामरने त्याच्याशी बरोबरी करू पाहणे म्हणजे एकपात्री प्रयोग करणाऱ्याने संगीत नाटकाच्या पडद्यांचा हेवा करणे होय. एकपात्री करणाऱ्याजवळ एक खुर्ची असते. ती खुर्ची कधी बैलगाडी होते, कधी न्यायालय. प्रेक्षक कुरकुरत नाहीत. त्याने मागे एखादा फाटका राजवाड्याचा पडदा लावला तर मात्र कुरकुरतील.

आणि आता यंत्राने काढलेली चित्रे. चार शब्द लिहावेत आणि हवे ते चित्र मिळावे, अशी सोय गेल्या काही वर्षांत झाली आहे. 'आता आर्टचा प्रश्न सुटला' असे उत्साहाने सांगितले जाते. ती यंत्रे ज्यांच्या चित्रांवर शिकली त्यांना कोणी विचारले नाही, हा एक आक्षेप आहे आणि तो गंभीर आहे. 'स्टीम' या विक्रीमंचाने जानेवारी २०२४ मध्ये अशा सामग्रीची माहिती उघड करणे खेळकर्त्यांना बंधनकारक केले, ते उगाच नव्हे. पण क्षणभर हा आक्षेप बाजूला ठेवला तरी माझा प्रश्न उरतोच. आपली अडचण चित्रे कमी असण्याची होती काय? माझ्याजवळ घरे होती, झाडे होती, माणसे होती. पाणी दिसत नव्हते. यंत्राने मला आणखी हजार घरे दिली असती. शेजारणीच्या कपाटाऐवजी सराफाचे अख्खे दुकान उघडे मिळाले, म्हणून नवरीचा चेहरा दिसू लागत नाही. उलट, न ठरवण्याची सोय तेवढी अमर्याद होते.

शेवटी ज्या गोष्टीची मला सर्वांत जास्त लाज वाटते ती. त्या तीन वर्षांत माझ्या एका चित्रकार मैत्रिणीने मला चाळीसेक चित्रे काढून दिली. मोबदला म्हणून मी 'नफ्यात हिस्सा' देऊ केला होता. नफा झाला नाही, आणि होणार नाही हे मला तेव्हाही अंधूकपणे कळत होते. दर महिन्याला मी खेळ बदलत गेलो आणि तिची चित्रे बाद होत गेली. दिवाळी अंकांना फुकट लिहिणाऱ्यांना आणि 'मानधन नाही, पण सन्मान आहे' अशी निमंत्रणे स्वीकारणाऱ्यांना हा प्रकार चांगला परिचयाचा असेल. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "पुढच्या वेळी आधी काय हवंय ते ठरव, मग मला विचार. आणि विचारशील तेव्हा पैसे घेऊन ये." या लेखात मी जे काही मांडले आहे ते तिने दोन वाक्यांत सांगून टाकले होते. ज्याला दहा चित्रांचेच पैसे देता येतात त्याने दहा चित्रांचा खेळ करावा. एकाही चित्राचे देता येत नसतील तर चौकोनांचा करावा. दुसऱ्याच्या श्रमांवर शंभर चित्रांचा खेळ रचण्याचा अधिकार गरिबी आपल्याला देत नाही.

पाण्याचा तो खेळ मी गेल्या वर्षी पुन्हा उघडला. घरे काढली, झाडे काढली, फेटेवाले काढले. चौकोन परत आणले. रंग आठच ठेवले आणि त्यांतला निळा फक्त पाण्याला दिला. बटणे, अक्षरे, आकाश, कशातही निळा नाही. गावांची नावे आणि पाळीपत्रक 'मुक्ता'त लिहिले. मैत्रिणीकडून एकच चित्र करून घेतले, सुरुवातीच्या पानासाठी, आणि त्याचे पैसे आधी दिले. पाच महिन्यांत खेळ संपला. शंभराच्या आत लोकांनी विकत घेतला आहे. त्यावर घर चालणार नाही आणि कोणाला ते चालवायचा सल्लाही मी देणार नाही.

मामांनी तो खेळून पाहिला. तिसऱ्या पाळीला टेलचा चौकोन पिवळाच राहिला, तेव्हा त्यांनी मला उठवून माझ्या जागी बसून पुन्हा सुरू केला. दिसण्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत. वरच्या शेतकऱ्याने रात्री दारे फोडले, त्याला मात्र त्यांनी एक अस्सल शिवी दिली.